मदत हवी आहे: डब्ल्यूगेटच्या डाउनलोडची नोंद फाइलमध्ये कशी साठवावी?

नमस्कार. मी बडोद्यात राहतो. बडोदा संस्थानाच्या काळात छापलेल्या आणि आता स्वामित्वहक्क संपलेल्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती मी रात्री डब्ल्यूगेटने (आज्ञा लिहून चालवायच्या डाउनलोड प्रोग्रामने) उतरवून घेतो. दुव्यांची यादी एका साध्या फाइलमध्ये असते. कोणते पुस्तक पूर्ण आले आणि कोणते अर्धवट राहिले, हे सकाळी कळावे म्हणून पडद्यावर उमटणारा तपशील मला फाइलमध्ये हवा आहे. शेवटची पाने नसलेली प्रत पुढे कोणाच्या हाती देणे मला पटत नाही.

आज्ञेच्या शेवटी > हे चिन्ह आणि फाइलचे नाव दिले, तर शून्य बाइटची फाइल तयार होते आणि मजकूर पडद्यावरच धावत राहतो. वजा चिन्हासह मोठा ओ दिला, तेव्हा त्या रात्रीच्या सगळ्या पीडीएफ एकापाठोपाठ त्याच एका फाइलमध्ये जोडल्या गेल्या, आणि सगळे पुन्हा उतरवावे लागले. > च्या आधी लगेच दोनचा आकडा लिहिल्यावर मजकूर आला खरा, पण तो ठिपक्यांचा: एक ठिपका १ केबीचा, ओळीत ५० ठिपके, म्हणजे ६० एमबीच्या पुस्तकाला सुमारे १,२०० ओळी. मला पुस्तकामागे एकच ओळ हवी आहे आणि आदल्या रात्रीची नोंदही टिकायला हवी. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर:
प्रोग्रामचा मजकूर पडद्यावर दोन प्रवाहांतून येतो: पहिला स्टँडर्ड आउटपुट (नेहमीचा निकाल) आणि दुसरा स्टँडर्ड एरर (संदेश व चुका). डब्ल्यूगेट आपली प्रगती पहिल्यावर नव्हे, तर दुसऱ्यावर लिहितो. नुसते > चिन्ह पहिलाच प्रवाह वळवते, म्हणून आपली फाइल रिकामी राहिली. वळवण्याच्या खटपटीत न पडता वजा चिन्हासह लहान ए आणि नोंदीच्या फाइलचे नाव द्यावे, म्हणजे नवी नोंद जुन्या नोंदीखाली जोडली जाते. लहान ओ दिल्यास जुनी नोंद पुसली जाते. सोबत वजा एनव्ही द्यावे. ठिपके जातील आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक फाइलसाठी वेळ, दुवा, आकार आणि नाव असलेली एक ओळ उरेल; चुकांचे संदेश मात्र येतच राहतील. चौकटी कंसात तिरप्या रेषेने जोडलेले दोन आकडे दिसतील, ते जुळले की प्रत पूर्ण उतरली असे समजावे. सर्व्हरने एकूण आकार कळवला नसेल, तर तेथे एकच आकडा येतो. अशी पुस्तके उघडून शेवटचे पान पाहावे.

पुढे कधी कर्ल हा फाइल उतरवणारा दुसरा प्रोग्राम वापरलेत, तर तेथे लहान ओ म्हणजे उतरवलेल्या फाइलचे नाव, नोंदीचे नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. काल रात्रीच्या नोंदीत दोन दुव्यांपुढे ४०४ (फाइल सापडली नाही) आढळले, बाकी सर्व ओळींतील आकडे जुळले.