परफ्युजन एमआरआयसाठी कोणतं कॉन्ट्रास्ट घ्यावं? (आईसाठी, परळ)

ठाणेपूर्व:
आई ६४ वर्षांची, वजन ५८ किलो. मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन आठ महिने झाले. त्याच जागी परत काहीतरी चमकतंय. गाठ उलटली की रेडिएशनचा परिणाम, हे कळायला परफ्युजनसकट एमआरआय सांगितलाय, म्हणजे त्या जागी रक्त किती जातंय ते मोजणारा. सेंटरवाला फोनवर म्हणाला, "साधं की मॅक्रोसायक्लिक? त्याचे जास्त पडतील." क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.४ आहे. खरंच फरक पडतो का?

चुंबकवाला:
पडतो. टेक्निशियन आहे, रोज हेच टोचतो. दोन्हींत गॅडोलिनियम हा धातूच. साध्यात, म्हणजे लिनियरमध्ये, तो उघड्या साखळीत धरलेला असतो, मॅक्रोसायक्लिकमध्ये पिंजऱ्यात, तिथून सहजी सुटत नाही. युरोपच्या औषध नियामकाच्या २०१७ च्या निर्णयानंतर तिथे लिनियर मेंदूच्या स्कॅनमधून गेलीच. घासाघीस भाजीवाल्याशी करा, इथे नको.

मॅक्रोसायक्लिकपैकी गॅडोब्युट्रॉल असेल तर आईंना ५.८ मिली लागेल, गॅडोटेरेट असेल तर ११.६. डोस तोच, पहिलं दुप्पट तीव्र एवढंच. (यावरून एक काका आमच्याशी भांडून गेलेत.) परफ्युजनला औषध एका दमात जायला हवं, सेकंदाला ४-५ मिली, म्हणून थोडक्यात आटपणारं गॅडोब्युट्रॉल मला बरं वाटतं. शिरा नाजूक असतील तर आधीच सांगा.

ठाणेपूर्व:
शिरांचे हालच आहेत, केमो चालू आहे. अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो, लोहाचं कॉन्ट्रास्ट मागा.

रात्रपाळी:
फेरुमॉक्सिटॉल म्हणत असेल. मुद्दा चूक नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. गॅडोलिनियमचे छोटे रेणू लगेच बाहेर झिरपतात आणि गाठीत रक्त किती याचा आकडाच फसतो. लोहाचे कण मोठे, तासन्‌तास वाहिनीतच फिरतात. पण ते मुळात २००९ मध्ये आलं किडनीच्या रुग्णांच्या ॲनिमियासाठी. २०१५ पासून त्यावर जीवघेण्या ॲलर्जीचा ठळक इशारा आहे, आणि पुढचे तीन महिने एमआरआयवर त्याची छाया राहू शकते. तुमच्या आईंना तर वरचेवर स्कॅन लागणार.

त्यापेक्षा बुकिंग करतानाच विचारा, गळतीचं करेक्शन करता का, म्हणजे या झिरपण्याने फसलेला आकडा दुरुस्त करता का? काही ठिकाणी आधी थोडं कॉन्ट्रास्ट देऊन ठेवतात, मग परफ्युजन. औषधाच्या नावापेक्षा याने जास्त फरक पडतो. १.४ वर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) चाळिशीच्या आसपास येईल. खरी चिंता ३० च्या खाली, तरी रिपोर्ट ताजा न्या.

ठाणेपूर्व:
शुक्रवारची वेळ मिळाली. गॅडोब्युट्रॉल आहे, करेक्शनही करतात म्हणे.

चुंबकवाला:
छान. जुन्या स्कॅनच्या सीडी घेऊन जा, नुसत्या फिल्म नकोत.