चेक बेगलमनचा, भोग रॉबर्टसनचे

‘एका चेकवरून डेव्हिड बेगलमनला उगाच बदनाम केलं’ असं वर कुणी म्हटलंय, ते काही पटलं नाही. हॉलिवूडचा डबघाईला आलेला कोलंबिया स्टुडिओ १९७३ नंतर, तो प्रमुख असताना, सावरला, हे मान्यच. पण प्रकरण फुटलं कसं बघा: नट क्लिफ रॉबर्टसनच्या हाती आयकराचा कागद पडला, त्यात कोलंबियाकडून १०,००० डॉलर मिळाल्याची नोंद. गड्याला छदामही मिळाला नव्हता! चेकवर त्याची सही ठोकली होती बेगलमननेच. तरी १९७७ च्या डिसेंबरात संचालकांनी त्याला परत खुर्चीत बसवलं. फारच ओरड झाली तेव्हा १९७८ मध्ये तो गेला. हकालपट्टी झाली ती त्याला परत घ्यायला विरोध करणाऱ्या, कोलंबिया कंपनीचाच प्रमुख असलेल्या अ‍ॅलन हर्शफील्डची. बेगलमन पुढे एमजीएम या दुसऱ्या बड्या स्टुडिओचा प्रमुख झाला, आणि तोंड उघडणारा, ऑस्कर मिळवलेला रॉबर्टसन काही वर्षं जवळजवळ घरी बसून.