टाइमआउट वाढवण्याआधी हे बघा

लिनक्स ड्रायव्हरच्या (डिव्हाइस चालवणाऱ्या कोडच्या) चर्चेत एकाने सुचवलंय की डिव्हाइस वेळेत उत्तर देत नसेल तर टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, १ सेकंदावरून ५ वर न्यावा. न्या हवं तर, पण खरी गोची आकड्यात नाही. वेळ संपल्यावर ड्रायव्हर काय करतो, त्यात आहे.

समजा, ड्रायव्हरने एरर परत केली आणि बफर (डेटासाठी राखलेली मेमरी) मोकळा केला. डिव्हाइसला याचा पत्ताच नाही! त्याचं डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिणं) जरा उशिरा पूर्ण होतं आणि डेटा जाऊन पडतो एव्हाना दुसऱ्याच कुणाला दिलेल्या मेमरीत. मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) भलतीकडेच कोसळतो आणि आपण बिचाऱ्या फाइलसिस्टिमला शिव्या घालत बसतो. म्हणून आधी कमांड रद्द करा, ते जमत नसेल तर डिव्हाइस रीसेट करा, डीएमए थांबल्याची खात्री करा. बफरला हात त्यानंतरच.

पोलिंग लूप (डिव्हाइस तयार झालं का ते पुन्हापुन्हा तपासणारा कोड) लिहिणार असाल तर वेळ संपल्यावर डिव्हाइसची स्थिती सांगणारं स्टेटस रजिस्टर आणखी एकदा वाचा. मध्येच शेड्युलरने (कुणाचं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाने) तुमचा थ्रेड बाजूला केला असेल, तर तो परत येईपर्यंत वेळ संपलेली असते, पण रेडी बिट ('काम झालं' ही रजिस्टरमधली खूण) कधीचाच सेट झालेला असतो. लिनक्सचे तयार पोलिंग मॅक्रो हे शेवटचं वाचन करतातच, तेच वापरा.

आणि जिफीजची (कर्नलच्या टिक मोजणाऱ्या काउंटरची) तुलना थेट 'पेक्षा मोठा' चिन्हाने नको, कारण काउंटर भरला की पुन्हा शून्यावर येतो आणि तुलना चुकते; त्यासाठी टाइम-आफ्टर मॅक्रो आहे. ३२ बिटांचा हा काउंटर बूटनंतर ५ मिनिटांत शून्यावर येईल अशाच आकड्यापासून लिनक्स मुद्दाम सुरू करतो, म्हणजे असले बग टेस्टिंगमध्येच सापडावेत.