काळं ऑइल: साठवायचं की कुंपणाला फासायचं?

चौथा_गिअर: गाडीचं ऑइल मी घरीच बदलतो. दर वेळी साडेतीन-चार लिटर काळं ऑइल निघतं. आता कोपऱ्यात सहा कॅन झालेत. जो येतो तो सांगतो, लाकडी खांबांना फास, वाळवी लागत नाही. मला पटत नाही. फासू नये, ओतू नये, जाळू तर मुळीच नये. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावं. बोला.

जुना_पाना: तीस वर्षं फासतोय. खांब शाबूत आहेत, बिजागऱ्या कुरकुरत नाहीत. जमिनीतून आलेलं तेल जमिनीत गेलं तर बिघडलं कुठे?

ओली_माती: अहो, जमिनीतून आलं तेव्हा त्यात बेअरिंगचा झिजलेला धातू नव्हता, काजळी नव्हती, अर्धवट जळलेलं पेट्रोल नव्हतं. वापरलेलं इंजिन ऑइल उंदरांच्या कातडीला लावून प्रयोग झालेत, कर्करोगाच्या गाठी आल्या. हातमोजे तरी घालता का?

जुना_पाना: हातमोज्यात नट हाताला कळत नाही. ते सोडा. तुमच्याकडून नेलेल्या ऑइलचं पुढे काय होतं? भट्टीत जळणच ना? मग माझ्या खांबांनीच काय घोडं मारलंय?

चौथा_गिअर: मुद्दा बिनतोड आहे, बरंचसं जळणातच जातं. पण ऑइल संपत नाही हो, मळतं. पाणी-गाळ काढून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून, म्हणजे हवा काढलेल्या टाकीत उकळून वाफ पुन्हा थंड करून, बेस ऑइल म्हणजे इंजिन ऑइलचा मूळ घटक परत मिळतो आणि तो पुन्हा इंजिनात चालतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा: ४२ गॅलन कच्च्या तेलातून जेवढं वंगण मिळतं, तेवढं १ गॅलन वापरलेल्या ऑइलमधून निघतं. खांबाला फासलेलं मात्र पावसाने धुऊन गेलं की गेलंच.

गंजका_नट: अट एकच, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. मी शहाण्याने कार्ब्युरेटर धुतलेलं पेट्रोल त्याच कॅनमध्ये ओतलं होतं. नेणाऱ्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि एक शब्द न बोलता कॅन परत माझ्या हातात ठेवला. कूलंट, ब्रेक फ्लुइड, थिनर, सगळ्यांची हीच गत. आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर भरूच नका. ऑइल गाळणारा जुना फिल्टरही तसाच टाकू नका. गरम असतानाच रात्रभर उपडा ठेवा, बरंच ऑइल निथळतं.

जुना_पाना: आणि वीस-बावीस लिटर घरात ठेवून आग लागली तर?

ओली_माती: इंजिन ऑइल पेट्रोलसारखं भसकन पेटत नाही. तरी शेगडी आणि ठिणगीपासून लांब ठेवा, कॅन काठोकाठ भरू नका. पण साठवायचं ते द्यायला; सहा कॅन जमवणं हीसुद्धा चालढकलच, चौथा_गिअर!

जुना_पाना: बरं, या खेपेचं वेगळं ठेवतो. पण मागे एक जुना ड्रम आहे. त्यात ऑइल आहे, कूलंट आहे, पावसाचं पाणीही गेलंय. त्याचं काय करू?

ओली_माती: आता त्यात थेंबभरही ओतू नका. झाकण लावा, वर ‘मिसळलेलं’ असं ठळक लिहा, आणि देताना आत काय काय आहे ते खरं सांगा.

जुना_पाना: सगळं आठवत असतं तर!