डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं मानायचं?

चंद्रकोर: उगवताना पौर्णिमेचा चंद्र केवढा मोठा दिसतो! फोटोत मोजा, क्षितिजावर आणि डोक्यावर तो सारखाच भरतो, साधारण अर्धा अंश. हे ठाऊक असूनही तो मोठाच दिसतो. कळल्यावरही जी चूक सुटत नाही, ती करणाऱ्या इंद्रियांवर ज्ञान कसं उभं करायचं? प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी थेट मिळणारं ज्ञान, हेच एकमेव प्रमाण (ज्ञानाचं खात्रीचं साधन) मानणारे प्राचीन भारतातले चार्वाक विचारवंत मला म्हणूनच पटत नाहीत.

तर्कट: साफ असहमत. फोटोतलं माप कशाने वाचलंत? डोळ्यांनीच ना? दोरीचा साप झाला, तर दिवा आणून पुन्हा पाहिल्यावरच दोरी कळते. न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय दर्शनाच्या मूळ ग्रंथात, प्रत्यक्षाच्या व्याख्येतच 'अव्यभिचारी' (न चुकणारं) ही अट आहे. भ्रम हे प्रत्यक्षच नव्हे.

चंद्रकोर: ही पळवाट झाली. चुकलं की 'ते प्रत्यक्ष नव्हतंच' म्हणायचं! घाबरून पळणाऱ्याला त्या क्षणी हा फरक कसा कळावा?

तर्कट: त्या क्षणी कळत नाही, आणि न्याय दर्शन मानणारे नैयायिकही तसा दावा करत नाहीत. पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, की आधीचं ज्ञान खरं ठरतं. मृगजळाने तहान भागत नाही.

पूर्वपक्ष: मग 'तहान भागली' हे ज्ञान कशाने तपासणार? त्यासाठी आणखी एक, पुढे आणखी एक... अनवस्थाच, म्हणजे कधीच न संपणारी साखळी. मला मीमांसा दर्शनातले तत्त्वज्ञ कुमारिल भट्ट यांचं म्हणणं जास्त पटतं: ज्ञान मुळातच खरं धरायचं, बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटं ठरवणारं काही समोर येईपर्यंत.

चंद्रकोर: बाध आपोआप येत नाही हो! फ्रान्समधल्या नान्सीचे भौतिकशास्त्रज्ञ ब्लाँदलो यांनी १९०३ मध्ये 'एन-किरण' नावाचे नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं; असे किरण मुळात नव्हतेच. किरण पडले की अंधाऱ्या खोलीत अंधुक प्रकाश किंचित वाढलेला त्यांना दिसायचा, आणि इतर शास्त्रज्ञांनाही दिसू लागला. १९०४ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुड तिथे गेले, अंधारात यंत्रातला, किरण वळवण्यासाठी लागणारा प्रिझम गुपचूप काढून घेतला. तरी ब्लाँदलोंना दिसायचं ते दिसतच राहिलं! मृगजळ निदान तहानलेल्याला उघडं पडतं. इथे पाहणारे जाणकार होते, प्रामाणिक होते, आणि एकमेकांना दुजोरा देत होते.

तर्कट: वुडनी डोळे बाद केले नाहीत, डोळ्यांची परीक्षा घेतली. पोलिसांच्या ओळख परेडमध्ये संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांत उभं करतात, ते यासाठीच. साक्षीदाराचे डोळे हवेतच, फक्त उत्तर त्याला आधी कळता कामा नये.

चंद्रकोर: ही अट कोर्टात ठीक. रोजच्या पाहण्यात आपल्या नकळत प्रिझम काढून घेणारा वुड कुठून आणायचा?