जुनाट ओटायटिस मीडियाचे (मधल्या कानाचा दाह) चार्ट सारखे ऑडिटमध्ये अडकतात, सल्ला हवा

पानशेत_सरी
नमस्कार मंडळी. मी बीएचएमएस. दोन वर्षं दवाखाना केला, मग सीपीसी (मेडिकल कोडिंगचं प्रमाणपत्र) झाले आणि आता पुण्यात बसून अमेरिकेतल्या क्लायंटचं ईएनटी ओपीडीचं कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना ठरलेले कोड लावते. बाकीचे चार्ट नीट जातात, पण कानाचं जुनं दुखणं आलं की ऑडिटमध्ये चूक निघतेच. या महिन्यात तीन निघाल्या, तिन्ही यातल्याच.

एक नमुना देते, रुग्णाची ओळख काढून. डावा कान आठ महिने अधूनमधून वाहतोय. तपासणीत डॉक्टरांनी लिहिलंय: पडद्याला मध्यभागी छिद्र, पूमिश्रित चिकट स्राव. निदानात मात्र फक्त 'क्रॉनिक ओटायटिस मीडिया, डावा'. मी एच६६.१२ (जुनाट, पू होणारा, ट्युबोटिम्पॅनिक प्रकार, डावा) आणि एच७२.०२ (पडद्याला मध्यभागी छिद्र, डावा) लावले. ऑडिटरनी एच७२.०२ ठेवला आणि एच६६.१२ काढून एच६६.९२ (प्रकार न सांगितलेला, डावा) केला. मध्यभागी छिद्र आणि असा स्राव म्हणजे ट्युबोटिम्पॅनिक, हे आपण कॉलेजात घोकलंय ना? मग माझं चुकलं कुठे? आणि हा भाग पक्का करायला काय वाचू?

तळेगावकर
ताई, ऑडिटर बरोबर आहेत. नऊ वर्षं कोडिंग केलं, आता ऑडिट करतो. बीएचएमएस, बीएएमएस, फिजिओ झालेली मुलं आमच्याकडे येतात ना, त्यांची ही पहिल्या वर्षातली ठरलेली चूक. तुम्हाला निदान दिसतं, कारण तुम्ही डॉक्टर आहात. पण त्या चार्टपुरत्या तुम्ही डॉक्टर नाही. आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेत वापरायची आजारांच्या कोडची यादी) अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की आजार आहे असं उपचार करणाऱ्याने लिहिलं, तर त्या विधानावर कोड लागतो. लक्षणं जोडून निदान काढायचं काम कोडरचं नाही.

आता टॅब्युलर (कोडची क्रमवार यादी) उघडून बघा. एच६६.९ खाली 'क्रॉनिक ओटायटिस मीडिया' हेच शब्द आहेत, म्हणून एच६६.९२. डॉक्टरांनी 'सप्युरेटिव्ह' (पू होणारा) एवढा एक शब्द वाढवला असता, तर एच६६.३ मध्ये गेला असता. आणि 'ट्युबोटिम्पॅनिक' लिहिलं असतं तरच तुमचा एच६६.१२. छिद्र त्यांनी स्वतः नोंदवलंय म्हणून एच७२.०२ राहिला. काही क्लायंट निदानाच्या रकान्यात नसलेलं घेऊ देत नाहीत, त्यामुळे तुमच्या क्लायंटचे नियम तपासा. क्रम मात्र ठरलेला: आधी ओटायटिस मीडिया, मग छिद्र. एच७२ खाली तशी सूचनाच आहे.

कृष्णाकाठ
मी सांगलीकडे कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो, कोडर नाही. पण दुसऱ्या बाजूने सांगावंसं वाटतं. आपण 'सेफ' आणि 'अनसेफ' शिकलो. सेफ म्हणजे ट्युबोटिम्पॅनिक, अनसेफ म्हणजे ॲटिकोॲन्ट्रल, जिथे कोलेस्टिॲटोमा (मधल्या कानात होणारी त्वचेची वाढ) हाड खातो आणि मेंदूपर्यंत गुंतागुंत जाऊ शकते. कोडच्या नावांत सेफ-अनसेफ नाही, पण फरक तोच आहे. म्हणून अंदाजाने प्रकार लावणं मला धोक्याचं वाटतं. पुढचा सर्जन ती नोंद वाचतो. मध्यभागी छिद्र दिसत असूनही आत वेगळंच काही निघालं, असे कान मी उघडले आहेत.

तळेगावकर
डॉक्टर, हे फार महत्त्वाचं बोललात. ओपीडीत 'कोलेस्टिॲटोमाची शंका' असं लिहिलं असेल, तर एच७१ लावायचा नाही. ओपीडीत शंका, संभव, 'रूल आउट' यांना कोड नाही. तिथे लक्षण घ्यायचं, म्हणजे डाव्या कानाच्या स्रावाला एच९२.१२. मास्टॉइडची (कानामागच्या हाडाची) शस्त्रक्रिया झालेल्या पोकळीत कोलेस्टिॲटोमा परत उद्भवला, तर एच७१ सोडून एच९५.० मध्ये जायचं. यात पुष्कळ जण फसतात.

दुर्वा_डोंबिवली
'ओटायटिस मीडिया विथ इफ्युजन' (पडद्यामागे द्रव साठलेला) पण बघून ठेवा. जुनाट आणि पू नसलेला असेल तर एच६५.४९, सहावा आकडा बाजूचा. 'म्यूकॉइड' किंवा 'ग्लू इअर' (साठलेला द्रव चिकट) लिहिलं असेल तर एच६५.३. बाजू हा माझा दुखरा भाग होता. डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल, पण नर्सच्या नोंदीत असेल, तर ती घेता येते. दोघांत विसंगती असेल तर डॉक्टरांनाच विचारायचं. 'अनस्पेसिफाइड' बाजू सवयीने लावू नका. ऐकू कमी येण्याच्या कोडमध्ये तर दुसरा कान चांगला आहे की नाही हेही लागतं: एच९०.१२ आणि एच९०.ए१२ मध्ये तेवढाच फरक.

पानशेत_सरी
सगळ्यांचे मनापासून आभार. आता कळतंय, मी चार्ट वाचताना ओपीडीतच बसलेली असते. मग अशा वेळी क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) टाकायची तर ती कशी लिहू? 'हे ट्युबोटिम्पॅनिक आहे ना?' असं विचारलेलं चालेल?

तळेगावकर
नाही, ते उत्तर तोंडात घालणं झालं. चार्टमधलं जसंच्या तसं मांडा: डाव्या पडद्याला मध्यभागी छिद्र, पूमिश्रित स्राव, आठ महिने, निदान क्रॉनिक ओटायटिस मीडिया. मग विचारा, प्रकार अधिक स्पष्ट करता येईल का? पर्याय द्या: ट्युबोटिम्पॅनिक सप्युरेटिव्ह, अन्य सप्युरेटिव्ह, इतर काही, निश्चित सांगता येत नाही. चार्टमध्ये ज्याला आधार नाही तो पर्याय देऊ नका. पैशांचा उल्लेख चुकूनही नको. वाचनाचं म्हणाल तर मार्गदर्शक तत्त्वं सीएमएसच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा संस्था) साइटवर फुकट आहेत. दर १ ऑक्टोबरला नवीन येतात, तीच घ्या. एच६५ ते एच७५ टॅब्युलरमधून सूचनांसकट हाताने लिहून काढा. मी तसंच शिकलो.

पानशेत_सरी
चार दिवसांनी कळवतेय. क्वेरीला उत्तर आलं: 'क्रॉनिक सप्युरेटिव्ह, डावा'. ट्युबोटिम्पॅनिक नाही लिहिलं. मग एच६६.३२ ना?

दुर्वा_डोंबिवली
एच६६.३एक्स२. पाचव्या जागी एक्स भरायचा, बाजू सहाव्या जागी येते. एक्सशिवाय तो कोडच वैध नाही. एच७२.०२ त्याच्या मागे ठेवा.