मदत हवी आहे : टेनर गिटारच्या चार तारा, कुठल्या आणि कशा लावू?

मंडळी, पंधरा वर्षं सहा तारांची गिटार वाजवतेय, पण चार तारांनी पार गोंधळात टाकलंय.

एका मैत्रिणीने घर बदलताना तिची पडून असलेली टेनर गिटार मला दिली. तारा गंजलेल्या होत्या, त्या काढून टाकल्या. घरात सहा तारांच्या गिटारचा १२ गेजचा (म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या १२ हजारांश जाडीची) संच होता, त्यातल्या बारीक चार चढवल्या आणि नेहमीच्या गिटारच्या बारीक चार तारांसारखं डी-जी-बी-ई (जाड तारेकडून बारीक तारेकडे) लावलं. बोटं लगेच चालली, कॉर्ड सगळे ओळखीचे. पण आवाज ऐकून वाटलं, आपण दोन तारा तुटलेली गिटार वाजवतोय. शिवाय तारा लुळ्या. मग कळलं की हिचं मूळ ट्यूनिंग सी-जी-डी-ए. त्याच तारा पिळत गेले. सगळ्यात बारीक तार जी पर्यंत चढली तेव्हाच बोटाला कापायला लागली, घोडीकडे बघून धस्स झालं आणि मुकाट्याने उतरवली.

आता खरी गोष्ट. लेक व्हायोलिन शिकते आणि मला तिच्याबरोबर वाजवायचंय. व्हायोलिन जी-डी-ए-ई, म्हणून गिटारही जी-डी-ए-ई लावावी असं डोक्यात आहे. बरोबर आहे का? आणि तारा कुठल्या घ्यायच्या?

प्रतिसाद १
आधी दोन गोष्टी सांगा. नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा, किती येतं? आणि तारांचं टोक कसं अडकतं, गोळीने की फासाने? (वाद्य टेनर युकुलेली नाही ना, हेही बघून घ्या. नावं सारखी आहेत, पण ती जेमतेम १७ इंचांची असते आणि तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या तर घोडी उखडून येईल.)

धागाकर्ती
२३ इंच. गोळी आणि ती घोडीत दाबून धरणाऱ्या खुंट्या, नेहमीच्या गिटारसारख्याच. आधीच्या ताराही स्टीलच्याच होत्या.

प्रतिसाद १
मग टेनर गिटारच. तारा लुळ्या का, ते सरळ आहे. तुमची नेहमीची गिटार साधारण साडेपंचवीस इंचांची असणार. तोच स्वर, तीच तार, पण लांबी २३ इंच झाली की ताण जवळपास पाचव्या हिश्श्याने उतरतो. उलट ती १२ ची तार वर ए पर्यंत नेली असती तर ३४ पौंडांच्या आसपास ताण पडला असता. १० ची तार तोच ए साडेतेवीस पौंडांत देते. तेव्हा आधी ट्यूनिंग ठरवा, मग तारा. एकच संच इकडून तिकडे पिळत बसू नका. सी-जी-डी-ए साठी १०, १४, २२, ३२ (इंचाचे हजारावे भाग) हा रुळलेला मेळ आहे.

हे ट्यूनिंग आलं चार तारांच्या टेनर बँजोवरून. १९२० च्या दशकात बँजोवाल्यांना बोटं न बदलता गिटारचा आवाज हवा होता, म्हणून ही चार तारांची गिटार. त्यामुळे डी-जी-बी-ई लावली की तिचा वेगळेपणाच जातो, असं माझं मत. रागावू नका.

प्रतिसाद २
डी-जी-बी-ई ला इतकं हिणवायचं कारण नाही, जॅझमधल्या टायनी ग्राइम्सने चार तारांच्या गिटारवर तेच लावलं होतं. पण इथे मी जी-डी-ए-ई च म्हणेन. व्हायोलिनच्या बरोबर एक सप्तक खाली येतं, साथीला भरीव वाटतं. फक्त खालच्या जी साठी ४० च्या आसपासची जाड तार लागते आणि ती तुमच्या नटच्या खाचेत बसेलच असं नाही. खाच घासावी लागली तर माहीतगाराकडूनच करून घ्या, एकदा खोल गेली की नट बदलावा लागतो.

प्रतिसाद ३
एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. सी-जी-डी-ए मधल्या वरच्या तीन तारा, म्हणजे जी, डी, ए, या व्हायोलिनच्या खालच्या तीन ताराच आहेत. त्याच सप्तकात! लेक त्या तारांवर जे वाजवेल ते तुम्ही तिच्याच उंचीवर वाजवू शकता. तिची ई हवी असेल तर ए तारेचा सातवा पडदा. शिवाय खाली सी मोकळी मिळते, आणि खाचा घासायची कटकटही नाही.

धागाकर्ती
प्रतिसाद ३, हे मला सुचलंच नव्हतं! आजवर मी नुसती अक्षरं जुळवत बसले होते.

परवा १०-१४-२२-३२ चढवल्या. घोडी जागेवर आहे. सी मेजर ०-०-२-३ आणि जी मेजर २-०-०-२ (जाड तारेपासून पडद्यांचे आकडे, ० म्हणजे मोकळी तार) एवढंच जमतंय, करंगळी अजून कुरकुरते, पण आवाज भलताच मोकळा आहे. पहिल्याच दिवशी लेकीने "आई, तुझा ए उतरलाय" म्हणून सुनावलं. नव्या तारा ताणत होत्या, दुसरं काय.

एकच शंका : सी तार जोरात छेडली की पडद्यांवर किरकिरते. जाड घेऊ का?

प्रतिसाद १
चार दिवस थांबा, तारा बसू द्या. तरी किरकिरली तर फक्त तीच ३४ ची घ्या, बाकी तीन बदलू नका.